मोहबोडीवरून गेलेलं विमान

माणसाला आकाशात नेणारी शक्ती म्हणजे पंख नव्हेत, इंधन नव्हे, विज्ञानही नव्हे. ती शक्ती म्हणजे विश्वास. हे सत्य दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहबोडी या गावाने साऱ्या जगाला दाखवून दिलं. जगाचं तेव्हा लक्ष नव्हतं, हा भाग वेगळा. आणि खरं सांगायचं तर सुरुवात विश्वासाने झाली नव्हती. ती एका फुकटच्या बॅगेने झाली होती.

ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीच्या गेटजवळ एका बँकेने टेबल मांडलं होतं. टेबलावर छत्री, छत्रीखाली टाय लावलेला पोरगा आणि पोराशेजारी काळ्या बॅगांचा ढीग. फॉर्म भरा, बॅग न्या. वीज केंद्रात टर्बाइनवर फिटर असलेल्या बाबुलालने फॉर्म भरला आणि सायकलच्या हँडलला बॅग लटकावून तो क्वार्टरवर आला. दुसऱ्याच आठवड्यात बॅगेची चेन तुटली. पुढे टपालाने एक चकचकीत कार्ड आलं, ते बाबुलालला बॅगेचं गॅरंटी कार्ड वाटलं. ते घेऊन तो चेन बदलून मागायला चंद्रपूरच्या शाखेत गेला. तिथे त्याला समजावून सांगण्यात आलं की हे क्रेडिट कार्ड आहे, याच्यावर टीव्हीसुद्धा मिळतो. चेन मात्र मिळत नाही.

बिनचेनीची बॅग बाबुलालने आपल्या गावी, मोहबोडीला, जाळी विणणाऱ्या मुखरूभाऊंना देऊन टाकली. मुखरूभाऊ तिच्यात जाळ्याचा धागा ठेवू लागले. बॅग उलटली की धागा पायात यायचा, आणि मुखरूभाऊ बँकेचा उद्धार करायचे.

कार्डाची गंमत बाबुलालला हळूहळू कळली. त्याच्यावर काही घेतलं की पॉइंट जमतात. एकट्या फिटरच्या घरात काय आणि किती घेणार? म्हणून बाबुलालने गावाची खरेदी अंगावर घेतली. मच्छीमार सोसायटीची नायलॉनची जाळी त्याच्या कार्डावर आली. अध्यक्ष देवराव यांचा रंगीत टीव्ही त्याच्या कार्डावर आला. कुणाचे टायर, कुणाच्या लग्नाची लुगडी. लोक रोख पैसे त्याच्या हातात देत, तो बँकेत भरत असे. याबाबतीत बाबुलाल चोख होता. पॉइंटांबद्दल मात्र तो गावात काही बोलला नव्हता.

बोललं ते कॅटलॉग. बँकेने ते चुकून गावच्या पत्त्यावर पाठवलं. गुळगुळीत कागदावर कॅसरोल, इस्त्री, मिक्सर, आणि शेवटच्या पानावर विमान. देवरावांनी ते पारावर सगळ्यांसमोर उघडलं आणि बाबुलालला बोलावणं धाडलं.

"काऊन बे बाबुलाल, जाळे आमचे, टायर आमचे, अन मासे तुह्याच टोपल्यात?"

बाबुलालने कबूल केलं की पॉइंट सगळ्यांचे आहेत. पण वाटायचे कसे? मोहबोडीला वाटपाची काळजी नव्हती. तलावातले मासे निघाले की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर सारख्या ढिगल्या लागतात. मुखरूभाऊ ढिगल्यांकडे पाठ करून बसतात. देवराव एकेका ढिगलीला काठी लावून विचारतात, "हे कोनाची?" मुखरूभाऊ न बघता नाव घेतात. ज्याचं नाव निघालं त्याची ढिगली. मग तिच्यात मरळ निघो की नुसते काटे. पाठ करून घेतलेलं नाव बदलत नाही. या एका नियमावर मोहबोडीत आजवर माशांवरून कुणाचं डोकं फुटलेलं नाही. डोकी फुटली ती सगळी इतर कारणांनी.

पण मिक्सरच्या ढिगल्या लागत नाहीत. तासभर घोळ चालला. शेवटी बाबुलालची बायको गोकुळाबाई म्हणाली, "विमानाचं काय म्हंते ते?"

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मी लहानपनापासून कंबरभर पान्यात," गोकुळाबाई म्हणाली. "तिकडं माहेरी शिंगाडे काढले, इकडं मासे धरले. पन अख्खा तलाव कसा दिसते, ते नाई पाह्यलं. एकडाव वरून पाहाव वाटते."

आता हे बोलणं साधं होतं. पण देवराव अध्यक्ष होते, त्यांना त्यात सार्वजनिक हित दिसलं. बोडी म्हणजे खरं तर लहान तळं. पण ही गोष्ट मोहबोडीत बोलायची नसते आणि शेजारच्या चिचबोडीतही बोलायची नसते. दोन्ही गावं आपापल्या बोडीला तलाव म्हणतात, आणि कुणाचा तलाव मोठा हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तलाठ्याचं माप दोघांनाही मान्य नाही, कारण त्यात दोन्ही लहान निघाले होते. गोकुळाबाई चिचबोडीची लेक आणि मोहबोडीची सून. शिवाय ती खोटं बोलत नाही, हे दोन्हीकडे माहीत होतं. तिच्या या सवयीचा दोन्हीकडे त्रासही झाला होता.

"वहिनीले पाठवा," देवरावांनी ठराव मांडला. "वरून पाह्यल्यावर झूट चालत नाई. कोनाचा मोठा ते एकडाव होऊन जाऊ द्या."

नागपूर ते हैदराबाद अशी दोन तिकिटं पॉइंटांवर निघाली. परतीचे पॉइंट नव्हते. येताना रेल्वेने यायचं ठरलं. विमान मोहबोडीवरूनच जातं की नाही, हे बाबुलालने वीज केंद्रातल्या एका इंजिनिअरला विचारून घेतलं. त्याने नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं, बरोबर वरून. पट्टी जरा सरकली होती. ठरलं असं की गोकुळाबाईने लाल लुगडं नेसायचं, खिडकीशी बसायचं आणि तलाव आला की हात दाखवायचा. गाव पाळीवर उभं राहील. पावसाळ्यात आभाळात ढग असतात, हा मुद्दा कुणी काढला नाही. शुभकार्यात असे मुद्दे काढू नयेत.

ओटी भरून, नारळ देऊन गावाने दोघांना बसमध्ये बसवलं.

ते नागपूरच्या विमानतळावर पोचले त्या दिवशी मुंबई पाण्याखाली होती. फार वाईट झालं होतं; टीव्हीपुढे माणसं गप्प उभी होती. कौंटरवरच्या पोराने गोकुळाबाईच्या थैलीला विमान कंपनीचा कागदी पट्टा बांधला. पट्टा बांधून होतो न होतो तोच पाटीवर एकामागून एक विमानं रद्द झाली.

"काऊन रद्द?" गोकुळाबाईने विचारलं.

"आजी, मुंबईत पाऊस."

"आमाले हैदराबादले जाचं हाय."

"हो, पण ते विमान मुंबईहून यायचं होतं ना."

"मुंबईले पाऊस आला त आमच्या गोंडपिपरीची बस बंद होते का रे बापा? तुमच्याकडं एकच विमान हाय का?"

पोरगा पुन्हा पाटीकडे बघू लागला. गोकुळाबाईला वाटलं, बिचाऱ्याचं वर्म निघालं. तिने पुढे छेडलं नाही.

परताव्याची रांग लांब होती. बाबुलालचा नंबर आला तेव्हा कळलं की त्याने पैसे दिलेच नाहीत, पॉइंट दिलेत. तेव्हा परतावा बँक देईल. बँकेला फोन लावला तर बँक म्हणाली, पॉइंट विमान कंपनीकडे गेलेत, कंपनी सोडेल तेव्हा येतील. कंपनीने दोघांना एकेक सँडविच दिलं आणि बँकेचाच नंबर दिला. दोन दिवस बाबुलाल मेहुणीच्या घरून फोन लावत होता. देशातली सगळी रद्द माणसं त्याच नंबरावर होती. फोनमधून सनई वाजायची. बाबुलाल म्हणायचा, लग्नात एवढी ऐकली नाही.

तिसऱ्या दिवशी गोकुळाबाई म्हणाली, "चला घरी. विमान नाई भेटलं त नाई भेटलं म्हनून सांगू. त्यात का लाजाचं?"

तर मोहबोडीच्या थांब्यावर बस थांबली आणि डफडं वाजायला लागलं.

देवराव हार घेऊन उभे. मागे सोसायटी, मागे पोरंसोरं. बाबुलालने "अरे, पन ते विमान..." एवढं म्हणेपर्यंत गळ्यात हार पडला. झेंडूचा होता, तोंडापर्यंत आला.

"दिसलं, दिसलं!" देवराव ओरडले. "ठरल्या वेळेले आलं. ढगातून घरघर आयकू आली, साऱ्यायनं हात दाखवला. लाल लुगडं झळकलं ना वहिनीचं! मुखरूभाऊनं नाव घेतलं!"

एकाने थैलीचा कागदी पट्टा सगळ्यांना वाचून दाखवला. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं. ती घरघर हवाईदलाच्या विमानाची होती, की वीज केंद्रात वाफ सोडल्याची, की विजेची, हे आजही सांगता येत नाही. पण बाबुलालने लग्नानंतर पहिल्यांदाच हार घातला होता. तो काढून खरं बोलायचं म्हणजे मोठीच कठीण गोष्ट. त्याने नमस्कार केला.

"आता सांगा वहिनी," देवराव म्हणाले. "कोनाचा मोठा?"

"उद्या सांगीन," गोकुळाबाई म्हणाली. "पाळीवर. चिचबोडीवाल्यायलेबी बोलवा."

घरात येताच बाबुलाल म्हणाला, "आपला मोठा म्हन अन मोकळी हो."

"अन माहेरी कोनत्या तोंडानं जाऊ?"

"मंग माहेरचा म्हन."

"अन इथी कोनत्या तोंडानं राहू? अन त्याहीपेक्षा, जे पाह्यलंच नाई ते पाह्यलं कसं म्हनू?"

"गाव म्हंते ना पाह्यलं म्हनून. गाव काय खोटं बोलते?"

"अवो," गोकुळाबाई शांतपणे म्हणाली, "आज हार घेतला ना तुमी, त विमान झालं माहं. उद्या पॉइंट वापस आले त देवरावभाऊ म्हनन, बाई त जाऊन आली, आता पॉइंट सोसायटीचे. घरोघरी कॅसरोल येईन. अन माहा तलाव राहून जाईन."

बाबुलालने हार काढून खुंटीला लावला. मग पुन्हा घालून पाहिला. मग काढला.

सकाळी चिचबोडीची मंडळी आली. पुढे गोकुळाबाईचा भाऊ नथ्थू.

"बाई, पाह्यलं तुले!" तो लांबूनच म्हणाला. "आमच्या तलावावरून गेली तवा केवढ्या वेळ हात हालवत होती!"

"तुमच्या?" देवराव पुढे झाले. "आमच्यावरून जास्त वेळ गेलं. विमान इकडून तिकडं होईपावतर बिरजूचा तंबाखूचा खर्रा घोटून झाला."

"खर्रा घोटूनच झाला ना? आमच्याकडं घोटून, खाऊन, थुकून झाला, तरी विमान तलावावरच होतं! यावरून पाहा कोनाचा मोठा."

"तुमचा घोटनारा फास्ट असन!"

गोकुळाबाई पाळीवर उभी राहिली. लाल लुगडं नेसली नव्हती, मुद्दाम हिरवं नेसली होती.

"आयका," ती म्हणाली. "मी वर गेलीच नाई. विमान रद्द झालं. मी नागपुरात बहिनीच्या घरी होती."

मग देवरावांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"पाहा कशी बाई हाय. माहेराले वाईट वाटू नये म्हनून झूट बोलून राह्यली."

"नाई नाई," नथ्थू म्हणाला, "सासराले वाईट वाटू नये म्हनून. आमची लेक हाय, आमी नाई वळखत का?"

दोन गावांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, ते गोकुळाबाई खोटं बोलते यावर. आणि तेही ती खरं बोलत असताना.

"अवो, लावा फोन," ती नवऱ्याला म्हणाली. "साऱ्यायले आयकू द्या."

मोहबोडीत मोबाइलला रेंज फक्त पाळीवरच्या पळसाखाली येते. बाबुलालने नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. सनई वाजू लागली. दोन्ही गावं सनई ऐकत उभी राहिली. "कोनाचं लगन हाय?" असं चिचबोडीच्या एका म्हातारीने विचारलं. देवरावांनी या सनईचे पैसे कोण देणार ते विचारलं. शेवटी एक मुलगी बोलू लागली, हिंदीत, फार गोड.

बाबुलालने कार्डाचा नंबर सांगितला. मुलगी म्हणाली, असुविधा के लिए खेद है, आपकी नागपूर-हैदराबाद उड़ान रद्द हुई थी, और आपके सारे पॉइंट आज वापस जमा हो गए हैं. ऑगस्टअखेरपर्यंत कॅटलॉगमधलं काही घ्या, नाहीतर पुढच्या एखाद्या तारखेची तीच दोन तिकिटं घ्या. देशभर रद्द झाल्यामुळे ही खास सवलत आहे.

"झालं समाधान?" गोकुळाबाई म्हणाली. "आपल्या कानानं आयकलं ना?"

आता माणसाला दोन गोष्टी एकदम ऐकू आल्या, की जी गोड ती आधी ऐकू येते. "वापस आले!" देवराव आनंदाने म्हणाले. "विमान पन होऊन गेलं अन पॉइंट पन वापस! बँक मोठी दिलदार हाय बे. चला, वापस आले म्हंजे आता सोसायटीचे झाले. कॅसरोल सांगा बाईले."

"अन रद्द झालं म्हने ते?"

"ते त्यायचं कागदावर असन. आमी डोळ्यानं पाह्यलं."

"कोनी पाह्यलं? नाव सांगा."

"साऱ्यायनं. मुखरूभाऊनं तुहं नाव घेतलं, सारं गाव साक्षी हाय."

गोकुळाबाई मुखरूभाऊंसमोर जाऊन उभी राहिली. ते जाळ्याची गाठ मारत होते, मान वर करत नव्हते.

"मुखरूभाऊ, माहा हात दिसला तुमाले?"

मुखरूभाऊंनी गाठ दाताने ओढली. "मले काही नाई दिसलं."

"मंग नाव कसं घेतलं?"

"देवरावनं काठी वर केली, म्हने, हे कोनाचं? मी म्हटलं, गोकुळाचं." त्यांनी क्षणभर विचार केला. "मी त आपली पाठ करून बसलो होतो. वाटपाले बसतो तसा. आदत हाय ना."

फोनमधली मुलगी तेवढी "सर? सर?" म्हणत होती. नथ्थू हसायला लागला, मग त्याच्या लक्षात आलं की चिचबोडीत तर नाव घेणारासुद्धा नव्हता, तो थांबला.

पण देवराव काही वीस वर्षं उगाच अध्यक्ष नव्हते. त्यांनी घसा खाकरला. "नियम नियम असते. पाठ करून नाव घेतलं की बदलत नाई. सापाची ढिगली निघाली तरी घ्या लागते. विमान वहिनीच्या नावानं लागलं, लागलं. आता पॉइंट सोसायटीचे."

"बरं," गोकुळाबाई म्हणाली. "नियम हाय ना? मंग हे वापस आलेले पॉइंट म्हंजे नवी ढिगली. तिचं वाटप कुठी झालं?"

देवराव बोटांवर काहीतरी मोजू लागले.

"अन विमान साऱ्यायचं मिळून एकच, म्हंजे ढिगली एकच. कॅसरोल घेतले तरी सात येते, घरं साठ हायत." तिने बाबुलालच्या हातातला मोबाइल घेऊन पळसाच्या पानावर ठेवला, मासा ठेवावा तसा. "बसा मुखरूभाऊ. पाठ करा."

मुखरूभाऊ उठले, धोतर सावरलं, मोबाइलकडे पाठ करून, तलावाकडे तोंड करून बसले. देवरावांनी सवयीने काठी उचलली होती, पण गोकुळाबाईने ती त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी ती दिलीही. काठीचा मान असतो, तिच्यासाठी पाळीवर ओढाताण करता येत नाही.

गोकुळाबाईने काठीचं टोक मोबाइलला लावलं. "हे कोनाची?"

आजवर हा प्रश्न मुखरूभाऊंना देवरावांच्या आवाजात ऐकायची सवय होती. न बघता नाव घेणाऱ्याला डोळे नसतात, पण कान असतात. आणि एवढ्या वर्षांत मरळ असलेली ढिगली अध्यक्षांच्याच घरी जास्त वेळा का गेली, यावर गावाने कधी विचार केला नव्हता. तो त्या सकाळी साठ घरांनी एकदम केला. देवराव काही तरी सुचवायला खाकरले, पण तेवढ्यात सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा खोकला खराच निघाला.

मुखरूभाऊ पाण्याकडे बघत होते. त्यांचीही सारी जिंदगी त्याच पाण्यात गेली होती. त्यांनीही तलाव अख्खा पाहिला नव्हता.

"गोकुळाची," ते म्हणाले.

नाव निघालं, आता बदल नाही. चिचबोडीच्या मंडळींनीही मान डोलावली. विमान दिवाळीनंतर जाईल, तेव्हा आभाळ मोकळं असेल. कुणाचा तलाव मोठा, ते तोवर दोघांनीही बोलायचं नाही. या वेळी पाळीवर सगळ्यांनी तोंड वर करूनच उभं राहायचं, मुखरूभाऊंनीसुद्धा. बाबुलालने हार जपून ठेवायचं ठरवलं, दिवाळीपर्यंत टिकला तर बरं. गोकुळाबाईने काठी देवरावांना परत केली आणि फोनकडे वाकून, आपल्या हिंदीत सांगितलं, "वो तिकिटच दे दो बाई. खिडकीवाली."

मुलीने तारीख सांगितली, नावं वाचून दाखवली. दोन्ही गावांनी ती श्वास रोखून ऐकली. मग तिने विचारलं, "मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?"

एवढ्या मोठ्या निकालानंतर बँकेकडे आणखी मागायचं तरी काय?

मुखरूभाऊ अजून पाठ करूनच बसले होते. त्यांनी शेजारची काळी बॅग मांडीवर ओढली, बाहेर आलेला धागा आत कोंबला आणि मागे न बघता म्हणाले, "बाईले म्हना, ह्या ब्यागेची चेन तेवढी बसवून द्या."